बारदान्यासकट

बोरीच्या जनावरांच्या दवाखान्यात राजेश्री डॉक्टर म्हणून रुजू झाली तेव्हा लोकांनी आधी तिचं अंग पाहिलं आणि मग डिग्री विचारली. उंचीला दाराच्या चौकटीला टेकणारी, खांद्यानं रुंद, मनगटं उसाच्या बुडख्यासारखी. पण पहिल्याच आठवड्यात बाजाराच्या दिवशी उधळलेला एक वळू तिनं वेसणीला धरून जागच्या जागी उभा केला, आणि तेव्हापासून तिच्या अंगाबद्दल गावात कुणी तोंड उघडलं नाही.

अशा बाईला नाद लागला होडीचा. दवाखान्यातल्या मंडळींबरोबर ती सहलीला कोलाडला गेली होती. सगळे रबरी तराफ्यात बसून ओरडत खाली गेले. राजेश्री मात्र बघत राहिली ती शेजारून जाणाऱ्या एका बाईकडे. ती एकटीच एका बंद होडीत कमरेपर्यंत शिरली होती. हातातलं वल्हं दोन्ही टोकांना पसरट, आणि पांढऱ्या पाण्यातून सुरी जावी तशी ती जात होती. तिचं नाव शुभदा, आणि ती ह्या होड्या, म्हणजे कयाक, शिकवायची. राजेश्री पुढं दोनदा तिच्याकडे जाऊन तिच्या जुन्या रुंद होडीत शिकून आली. येलदरी धरणाखाली पाणी सोडलं की पूर्णा काळ्या खडकांतून खळाळत जाते. तिकडं कुणाची म्हैस बघायला गेली की परतताना राजेश्रीची गाडी हमखास पुलावर थांबू लागली.

नवरा गोपाळ हे बघत होता. तो जिंतूरच्या बाजार समितीत नोकरीला. कापसाच्या वजनात कुणा व्यापाऱ्यानं कट्टी धरली, म्हणजे काहीतरी कारण काढून दोन-चार किलो कापले, की गोपाळ काट्यापाशी ठाण मांडून बसायचा. एवढा नेमका माणूस. त्यानं पुण्याच्या दुकानात फोन लावून बायकोसाठी होडी मागवली आणि तिला कळूही दिलं नाही.

टेम्पोतून पिवळीधमक होडी अंगणात उतरली तेव्हा सासरे व्यंकटराव तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, "हे काय म्हणायचं? कडबा टाकायची गव्हाण?"

"होडी हाय, मामा," राजेश्री म्हणाली. तिचा चेहरा फुलला होता. "बसून दाखवते."

मधलं भोक जरा अरुंद वाटलं, पण उत्साहात तिनं पाय आत सोडले, दोन्ही हातांनी काठ धरला आणि अंग दाबलं. होडी करकरली. राजेश्री आत बसली. सगळ्यांनी कौतुकानं माना डोलावल्या. मग ती उठायला गेली आणि होडीही तिच्याबरोबर उठली.

गोपाळ पुढं आला, त्यानं तिच्या काखेत हात घालून ओढलं. होडी अंगणभर फिरली, राजेश्री आतच. सासू कडूबाई तेलाची बरणी घेऊन आल्या.

"थांबा सगळे," राजेश्री म्हणाली. घाम आला होता, पण आवाज दवाखान्यातला होता. "असं हिसकून वासरू निघत न्हाई आन् मीबी निघणार न्हाई. मामा, तुमी होडीचं नाक धरून बसा. अहो, तुमी मागून. आत्याबाई, तेल मांडीला न्हाई, काठाला लावा. आता मी श्वास सोडते, तवा ओढायचं. सरळ न्हाई, जरा खाली."

तिच्या हातून तालुक्यातली किती वासरं अशी जगात आली असतील. त्या दिवशी तिनं स्वतःचं बाळंतपण स्वतः सांगून करवून घेतलं. ती सुटून अंगणात पडली तेव्हा व्यंकटराव होडीसकट उताणे झाले होते.

श्वास जागेवर आल्यावर तिनं होडीच्या आत वाकून पाहिलं. तिथं चिकटवलेल्या चिठ्ठीवर ही होडी किती वजनाच्या माणसाची ते छापलं होतं. वरची हद्द ऐंशी किलो.

"तुमी दुकानात माझं वजन किती सांगितलं?"

गोपाळ तेलाच्या बरणीचं झाकण लावू लागला. "हापीसातून फोन केलता. शेजारी चार माणसं बसलेली. तिकडचा पोरगा सारखं विचारायला, वजन किती, वजन किती..."

"किती सांगितलं?"

"अठ्ठ्याहत्तर."

"म्हंजे बायकोच्या वजनात कट्टी मारली," व्यंकटराव उठता उठता म्हणाले. "तीबी पाऊण मणाची."

कुणी हसलं नाही. राजेश्री हात पुसत होती. आपल्या वजनाची तिला कधी लाज वाटली नव्हती. आज ती आपल्याऐवजी नवऱ्याला वाटते आहे हे कळलं, आणि ते तिला मांडीवरच्या ओरखड्यापेक्षा जास्त चुरचुरलं.

"चला," ती म्हणाली. "काट्यावर."

जिंतूरच्या बाजारात त्या दुपारी कापसाच्या गाड्या लागलेल्या होत्या. मापाडी मुंजाजी काट्यापाशी उभा होता. तो म्हणाला, "मॅडम, माल कुठाय?"

"मीच हाय माल," असं म्हणून राजेश्री काट्यावर चढली.

मुंजाजीनं आधी आकड्याकडे पाहिलं, मग गोपाळकडे, मग आभाळाकडे. गाड्यांवरचे शेतकरी एकाएकी आपापल्या बैलांशी बोलू लागले.

"वाच की," राजेश्री म्हणाली.

"एकशे सहा," मुंजाजी पुटपुटला, आणि मालातून पोत्याचं वजन कापतात त्या शिष्टाचारानं पुढं म्हणाला, "बारदाना वजा करायचा राहिलाय."

राजेश्रीला हसू आलं. "न्हाई रे. होडीत बारदान्यासकटच वजन लागतं. ओले कपडे, टोप, तरंगायचं जाकीट, सगळं धरून. वजा काय करतोस, वर चार किलो टाक."

तिनं फोन गोपाळपुढं धरला. त्यानं तो घेतला. गाड्या होत्या, हमाल होते, अडते होते. गोपाळ घसा खाकरून म्हणाला, "हॅलो, जिंतूरहून बोलायलोय. त्या पिवळ्या होडीचं. वजन चुकीचं सांगितलं म्या. एकशे दहा, बारदान्यासकट. हो हो, बायकोचं." शेवटचा शब्द त्यानं गरजेपेक्षा जरा मोठ्यानंच उच्चारला.

दुकानदार भला निघाला. होडी परत घेतो म्हणाला, पण दुसरी फोनवर देणार नाही. कोलाडच्या शुभदाकडे आमच्या दुकानातून गेलेल्या मोठ्या माणसांच्या तीन होड्या आहेत, तिथं बसून बघा आणि मग बोला.

निघताना व्यंकटरावांनी सल्ला दिला, "सगळ्यात मोठी असंल ती घ्या. सैल असलेली बरी."

कोलाडला पहिली होडी पोटानं मोठी होती, पण बसायचं भोक लहान. राजेश्रीनं त्याला लांबूनच नमस्कार केला. दुसरी प्रचंड. तिच्यात ती आरामात बसली. गोपाळ खूश झाला, म्हणाला, "ही घेऊन टाकू." पण पाण्यात गेल्यावर राजेश्री कंबर डावीकडे कलवी आणि होडी आपली ढिम्म. प्रवाहानं तिला रिकाम्या डब्यासारखं ढकलत नेलं.

"सैल चप्पल घालून नांगरट होते का?" शुभदानं काठावरून विचारलं. "पोट मोठं हवं ते तुमचं वजन तरंगायला. पण कंबर आणि गुडघे होडीला लागलेच पाहिजेत, नाहीतर ती ऐकणार कुणाचं?"

तिसरी तांबडी, दोन्हींच्या मधली. कमरेशी स्पंजाच्या गाद्या होत्या, त्या शुभदानं काढून टाकल्या. पाय टेकायचे खुंटे पुढं सरकवले. पाण्यात होडीचं नाक बुडायला लागलं तेव्हा बैठकच थोडी मागं घेतली. मग राजेश्रीनं कंबर कलवली आणि होडी कलली. तिनं वल्हं एकदा मारलं आणि होडी शिकवलेल्या घोड्यासारखी वळली.

"आवडली," ती म्हणाली.

"अजून ठरलं नाही," शुभदा म्हणाली. "उलटं होऊन स्वतःचं स्वतः बाहेर येता आलं तर ही होडी तुमची."

राजेश्रीला ती पिवळी आठवली. अंगणात तीन माणसं होती, तेल होतं, हवा होती. पाण्याखाली काय असणार? खांद्यापर्यंत म्हशीच्या पोटात जाणारे हात वल्हं सोडून होडीचा काठ चाचपू लागले. कमरेपर्यंत पाण्यात उभा असलेला गोपाळ म्हणाला, "नको वाटत असंल तर राहू दे."

"बाजूला व्हा," ती म्हणाली, आणि अंग टाकलं.

वरचं खाली झालं. नाकात पाणी गेलं, कानात नुसतं घोंगावणं. मांड्या होडीला लागलेल्या जाणवल्या आणि क्षणभर ती पुन्हा अंगणात होती. मग हात कमरेभोवतीच्या, होडीचं भोक झाकणाऱ्या रबरी घेऱ्यापाशी गेले, त्याची दोरी सापडली, ती ओढली. तिनं गुडघे जवळ घेतले, काठावर हात रोवून अंग ढकललं, आणि ती अशी सरकन बाहेर आली की तिलाच खरं वाटेना.

पाण्यावर डोकं काढून पाहते तर गोपाळ उलट्या होडीला मिठी मारून "राजेश्री, राजेश्री" करत तिला जिवाच्या आकांतानं काठाकडे ओढत होता.

"अहो," ती त्याच्या पाठीमागून म्हणाली. "मी इकडं हाय."

गोपाळ वळला. त्याच्या तोंडावरून पाणी निथळत होतं, त्यातलं नदीचं किती ते कळत नव्हतं. "मला वाटलं, पुन्हा अडकली," तो म्हणाला. "त्या पिवळीत असतीस तर... मीच बुडवलं असतं तुला. अठ्ठ्याहत्तर म्हणून."

तिनं त्याच्या हातातून होडी घेतली आणि दुसरं टोक त्याला धरायला दिलं. दोघांनी मिळून ती काठावर आणली.

हिवाळ्यात शेतीला पाणी सुटलं तेव्हा राजेश्रीनं परवानगी काढली, शुभदाला बोलावून घेतलं आणि धरणाखाली तांबडी होडी पूर्णेत उतरवली. पहिल्या खडकांच्या खालच्या भोवऱ्यात ती उलटली, बाहेर आली, पोहत काठाला लागली. काठावर व्यंकटराव लोकांना सांगत होते की हे असंच करायचं असतं. तिनं होडीतलं पाणी ओतलं, ती खांद्यावर टाकली, चालत वर गेली आणि पुन्हा उतरली. ह्या वेळी भोवऱ्याच्या तोंडाशी तिनं कंबर कलवली, वल्हं खोल रोवलं, आणि पांढरं पाणी तिच्या दोन्ही अंगांनी निघून गेलं. मागून शुभदाची आरोळी आली. तिला उत्तर द्यायला राजेश्रीला सवड नव्हती.

खडक संपले तिथं पाणी शांत झालं. वळणावर काही बाया धुणं धूत होत्या. तांबडी होडी आणि तिच्यात बसलेली ही भरदार बाई पाहून त्यांचे हात थांबले.

"कुठून आलात, बाई?" एकीनं विचारलं.

"वरून. धरणाकडून."

ती बाई जरा विचारात पडली. "का? एस्टी बंद हाय का आज?"

राजेश्रीला इतकं हसू आलं की वल्हं हातातून सुटलं, आणि ते पकडायला दोन बाया लुगडी खोचून पाण्यात उतरल्या.