नाजिहाकाकू कारखान्यात लागतात

स्फाक्स शहरातल्या आमच्या साबणाच्या कारखान्यात मोंजीकाका एकतीस वर्षं हिशेबनीस होते. मालकीण शादलियाबाईंनी दोन वर्षांपूर्वी हिशेबाचं सॉफ्टवेअर घेतलं, तेव्हा काका म्हणाले होते, "माझी वही लाइट गेली तरी चालते." आणि त्यांनी वहीच चालू ठेवली.

मग कोरोना आला. साबणाला कधी नव्हे एवढी मागणी. कारखाना चालू ठेवायला परवानगी मिळाली, पण साठीच्या पुढच्यांनी घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, असं बाईंनी बजावलं. मी माल पाठवण्याचं काम बघायची. बाईंच्या सांगण्यावरून मी काकांच्या दारात लॅपटॉप आणि बिलांचा गठ्ठा ठेवून आले. रमजान तोंडावर आला होता. त्याआधी अठरा जणांचे पगार व्हायला हवे होते.

रोज सकाळी मी काकांना फोनवरून ते सॉफ्टवेअर शिकवायला लागले. तिसऱ्या दिवशी ते ओरडलेच, "रीम, हे यंत्र खोटारडं आहे! म्हणतंय, तेलाचे उणे बारा डबे शिल्लक. उणे डबा कधी बघितलायस तू?"

मागून त्यांच्या बायकोचा, नाजिहाकाकूंचा आवाज आला, "अहो, वीस डब्यांची खरेदी लिहिलीत कुठे? तेल घरात यायच्या आधीच कढईत ओतलंत की!"

"तुला काय कळतंय यातलं?"

"चाळीस वर्षं तुमच्या पगारात घर चालवलंय. सरका तिकडे."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग कळांची टकटक. "आठ डबे शिल्लक," काकू म्हणाल्या. "पुढचं बिल वाचा. आणि जरा मोठ्यानं."

तेव्हापासून काका बिलं वाचायचे, काकू टाइप करायच्या. फोनवर मला त्यांची भांडणंही ऐकू यायची आणि हसणंही. रमजानच्या दोन दिवस आधी सगळ्यांचे पगार बँकेत जमा झाले.

शादलियाबाईंनी काकांना फोन केला, त्यात मलाही जोडून घेतलं आणि म्हणाल्या, "मोंजी, कमाल केलीस!"

काका म्हणाले, "बाई, खरं सांगू? काम नाजिहानं केलंय. माझ्या चुकाही तिनंच काढल्या."

"मग तिला पगार का नाही?"

"मीही तेच विचारणार होते," काकू मागून म्हणाल्या.

पुढच्या महिन्यात पगाराच्या यादीत एकोणिसावं नाव चढलं. ते काकूंनी स्वतःच टाइप केलं. पहिल्या पगारातून त्यांनी काकांना नवा चष्मा घेऊन दिला.