खांदे पुढे

दवाखान्यात त्याला सगळे फोटोदादा म्हणत. छातीचा फोटो काढावा तर यानंच, असं डॉक्टरीणबाई एकदा चारचौघांत म्हणाल्या आणि तेव्हापासून स्वारीचे पाय जमिनीला लागेनात. हातोटी तशी साधी होती. माणसाची छाती एक्स-रेच्या पाटीला टेकवायची, हनुवटी वर करायची आणि मागून दोन्ही खांदे धरून हलकेच पुढे न्यायचे. खांदे पुढे गेले की पाठीची पसरट हाडं बाजूला सरकतात आणि फुप्फुसं पार कडेपर्यंत दिसतात.

मग तापाची साथ आली. खोकणाऱ्यांची रांग लागली तसे दादा काचेआड जाऊन बसले आणि तिथूनच ओरडू लागले, "छाती टेकवा! खांदे पुढे!" कुणी विचारलंच तर म्हणत, "घरी लहान लेकरू आहे हो." लेकरू होतं, खोटं नाही. पण जीव घाबरला होता तो स्वतःसाठी. घाबरण्यात पाप नाही म्हणा. पाप पुढे झालं.

एका सकाळी एक म्हातारी सुनेचा हात धरून आली. सून दाराबाहेर थांबली.

"आजी, खांदे पुढे!" दादा काचेमागून ओरडला.

म्हातारीनं खांदे वर केले.

"पुढे हो, पुढे!"

तिनं पाऊलच पुढे टाकलं आणि पाटीवर नाक आपटून घेतलं. दादाचा हात दाराच्या कडीपर्यंत गेला, तिथंच घुटमळला आणि परत आला. त्यानं बटण दाबलं.

डॉक्टरीणबाईंनी फोटो पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "अहो, खांद्याची हाडं छातीवर आलीत. या तापाचे डाग कडेलाच असतात. मी सांगू काय यांना?"

"म्हातारी ऐकतच नाही, बाई. किती घसा फोडला मी!"

नाचता येईना, अंगण वाकडं. दार उघडं होतं आणि ते म्हातारं अंगण बाहेरच्या बाकावर बसून सगळं ऐकत होतं. पुन्हा काढा, असं सांगून बाई वॉर्डात गेल्या. दादानं मात्र रांगेकडे बोट दाखवून सुनेला दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी म्हातारी चाकाच्या खुर्चीतून आली. एक वाक्य बोलायला तिला तीनदा थांबावं लागत होतं.

"काल घरी गेल्यापासून कपाटाला छाती लावून उभं राहायचा सराव चाललाय," सून म्हणाली. "झोपा म्हटलं तरी ऐकेनात. म्हणतात, फोटो परत बिघडला तर तो बिचारा रागावेल."

दादाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हातारी खुर्चीतून उठली, पाटीपाशी गेली, हनुवटी वर केली. "आज नीट उभी राहते हं, बाळा," ती म्हणाली.

तो काचेआडून बाहेर आला. त्यानं मागून तिचे खांदे धरले. लुगड्यातून ताप त्याच्या तळव्यांना लागत होता. सगळं मिळून दोन श्वासांचं काम. एवढंच काल करायचं होतं.

फोटो स्वच्छ आला. दोन्ही फुप्फुसांच्या कडांना पांढुरके डाग, कुणालाही दिसतील असे. डॉक्टरीणबाईंनी लगेच ऑक्सिजन लावायला सांगितला.

"कालच दिसलं असतं तर रात्र वाया गेली नसती," त्या म्हणाल्या. "आज ऐकलं वाटतं आजींनी?"

नुसतं 'हो' म्हटलं असतं तर भागलं असतं. जीभ तेवढ्यासाठी वळलीही होती.

"त्यांनी कालही ऐकलं होतं, बाई," दादा म्हणाला. "मीच हात लावला नाही. भ्यालो. आणि वर खापर त्यांच्यावर फोडलं."

बाई रागानं त्याच्याकडे वळल्या. म्हातारीनं नाकावरचा मास्क जरा बाजूला केला.

"त्याला बोलू नका हो," ती धापा टाकत म्हणाली. "माझेच खांदे वाकडे."