काठावर बांधलेली खुर्ची

मित्रांनो, पोहण्याच्या तलावाकाठी साखळीने जखडलेली, अंगावर दुसऱ्यांचे टॉवेल वाळवणारी ती जुनी खुर्ची मीच. मला पाय नाहीत. एका लोखंडी खांबाला मी जोडलेली आहे. खांबाचा दांडा फिरवला की मी बसलेल्या माणसाला घेऊन अलगद पाण्यात उतरते, उलटा फिरवला की वर येते. ज्यांना पायऱ्या उतरता येत नाहीत त्यांनाही पोहता यावे, म्हणून एका वेल्डरने मला घडवले. पाठवण्याआधी तो स्वतः तीनदा माझ्यावर बसला होता.

माझे सर्वांत लाडके म्हणजे शिंपीकाका. त्यांचे पाय लहानपणापासून अधू. दर शनिवारी संध्याकाळी काकू त्यांना मागच्या उताराच्या दाराने आणत. चाकांची खुर्ची ओल्या फरशीवर न्यायची नाही असा नियम होता. म्हणून पोहणे शिकवणारे सर काकांना उचलून माझ्यावर बसवत आणि काकू चाकांची खुर्ची घेऊन दाराबाहेर थांबत. पाण्यात शिरले की काकांना चेव येई. "सर, या आता! जमिनीवर तुमचं राज्य, इथे माझं!" आणि शर्यत खरेच जिंकत. तेव्हा मी मनातल्या मनात फुशारून जाई.

काका पोहत असेपर्यंत मी खाली पाण्यातच थांबत असे. खुर्ची वर, म्हणजे पाण्यात कोणी नाही, अशी पहारेकऱ्याची खूण होती. ती बघूनच तो दिवे मालवी.

एका शनिवारी पाहुणे आले. अपंगांसाठी केलेली सोय त्यांना बघायची होती. काका तेव्हा पलीकडच्या टोकाला होते. एक पाहुणा म्हणाला, "खुर्ची जरा वर घ्या हो, फोटोत नीट येऊ दे." सरांनी मला वर घेतले, पुसले. कौतुक झाले, फोटो झाले आणि गप्पांच्या नादात सरही पाहुण्यांबरोबर चहाला गेले. मग पहारेकरी आला. काकांचे डोके पाण्याखाली होते. पहारेकऱ्याने फक्त माझ्याकडे बघितले, दिवे मालवले आणि कुलूप लावले.

"अहो, कोणी आहे का?" काका ओरडत माझ्यापाशी आले. काठ उंच आणि निसरडा. हात घसरत होते. त्यांनी मला धरायला हात वर केला. बोटे एक वीतभर खाली राहिली. मित्रांनो, मला ती वीतभर उतरता आली नाही.

जाड दारापलीकडे काकूंना हाका ऐकू गेल्या नाहीत. दीड तास झाला तरी काका येईनात, म्हणून त्या वळसा घालून पुढच्या दारी गेल्या. पहारेकरी म्हणाला, "खुर्ची वर आहे काकू. काका कधीच गेले असतील."

"गेले कसे? त्यांचे पाय तर हे माझ्याजवळ आहेत!" काकूंनी चाकांच्या खुर्चीवर हात आपटला.

पहारेकऱ्याने धावत जाऊन कुलूप उघडले, तेव्हा काका कसेबसे तरंगत होते. ते वाचले, पण दोन महिने अंथरुणात होते. इकडे मला साखळी घातली आणि वर 'सुरक्षेसाठी बंद' अशी पाटी लावली. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरे काय! माझ्या भरवशावर येणारी इतर मंडळीही पाटी वाचून परत गेली. अजूनही दिवे गेले की माझ्याखाली पाणी डुचमळते. तिथे कोणी नसते हे मला ठाऊक आहे. तरी ती बोटे दिसतात आणि माझा जीव घाबरा होतो.

बरे झाल्यावर काका पुन्हा आले. सर मान खाली घालून म्हणाले, "काका, तुमच्याच काळजीपोटी बंद केलीय."

"सर, खुर्ची बिघडली नव्हती," काका शांतपणे म्हणाले. "तुम्ही मला विसरलात. मग साखळी तिला का?"

काकूंनी चाके वळवली. काका पाण्याकडे बघत बघत दाराबाहेर गेले.

मित्रांनो, मला नवा रंग नको. ही साखळी तेवढी काढा आणि काकांना बोलावून आणा. आणि दिवे मालवण्याआधी माझ्याकडे बघून निघून जाऊ नका. एकदा मोठ्याने हाक मारा आणि जरा थांबा. लांबच्या टोकाला कोणीतरी पोहत असेल.