मुका रहाट

"अगं, पोहरा ओढतेस की कुणाशी भांडतेस?" उंबऱ्यावरून सासूनं विचारलं.

"तुमच्याशीच," असं बाई म्हणाल्या, पण मनातल्या मनात. तोंडानं म्हणाल्या, "आले, आले."

बाई म्हणजे शाळेच्या बाई. गावातली सगळी पोरं त्यांच्या एकटीच्या गळ्यात. सकाळी घरचं पाणी, मग शाळा, शाळेतून आलं की पुन्हा पाणी. गावाची विहीर त्यांच्या दाराशीच होती, पण तिचा रहाट असला हट्टी की पोहरा निम्म्यावर आला की चाक अडायचं, किंचाळायचं आणि ओढणारीला दम खायला उभं राहावं लागायचं. बाईंचा उजवा खांदा तर कायमचा ठणकत होता. सांगायचं कुणाला? सासूला डोळ्यांनी धड दिसत नव्हतं. ती दिवसभर उंबऱ्यावर बसून असायची आणि घागर कमी भरली तर तेवढं मात्र तिला बरोबर कळायचं.

त्यात वरून फर्मान आलं. रोजच्या वापरातली साधी यंत्रं मुलांना उकलून दाखवा, त्यांत सुधारणा करायला शिकवा.

"यंत्रं आणू कुठनं? माझ्या डोक्यातनं?" बाई कागदावरच खेकसल्या. तेवढ्यात खांद्यातून कळ आली आणि त्यांना रहाट आठवला.

दुसऱ्या दिवशी सगळी शाळा विहिरीभोवती. "आधी नुसतं बघायचं. काय अडतं, कुठं अडतं, का अडतं, ते सांगा," बाईंनी दम भरला.

"बाई, चाक कललंय! दोर एकाच अंगाला घासतोय!"

"बाई, चाकाचा आस पार गंजलाय!"

वटवटी नावाची एक पोर होती, नावाप्रमाणेच. ती पाणी ओढणाऱ्या एकेका बाईला गाठून विचारत सुटली, "मावशी, तुम्हाला काय त्रास होतो?" सगळ्यांचं एकच म्हणणं. जड आहे आणि कान फाडतं मेलं.

लोहारानं आस घासून दिला. पोरांनी पाचर ठोकून चाक सरळ केलं, वर वंगण चोपडलं. पोहरा सरसर वर आला, आवाज म्हणून नाही. बायकांनी पोरांना तोंडभरून शाबासकी दिली. दमलेल्या बाईंनाही जरा हुरूप आला.

पण आठवडाभरातच सासूचं जेवणावरचं मन उडालं. ताट पुढं सरकवलं की बाजूला सारायची.

"काय होतंय तुम्हाला?"

"मला काय होणार? गावानं आपल्याला वाळीत टाकलंय. पाण्याला चिटपाखरू फिरकत नाही. तूच कुणाशी तरी तोंड वाजवलं असशील!"

"अहो, रोज सगळ्या येतात!"

"मग माझ्याशी बोलत का नाहीत?" सासू म्हणाली.

तेव्हा कुठं बाईंच्या ध्यानात आलं. चाक किंचाळलं की सासू इथूनच हाक द्यायची, "कोण गं?" पाणी ओढणारी नाहीतरी दम खायला थांबलेलीच असायची. मग लेकीबाळींची चौकशी, कुणाची उणीदुणी, असा म्हातारीचा दिवस जायचा. आता बायका गुपचूप येत होत्या, भरभर भरून जात होत्या, आणि म्हातारीला डुलकी लागली असेल म्हणून हाकही मारत नव्हत्या. बाईंना स्वतःचाच राग आला. घरातलं माणूस, आणि त्यालाच विचारायचं राहिलं.

वर्गात त्यांनी म्हातारीची गत सरळ सांगून टाकली. "आपलं चुकलंय. कुणाला विचारायचं राहिलं, सांगा."

कधी नव्हे ती वटवटी गप्प बसून विचार करू लागली. मग म्हणाली, "बाई, जे पाणी ओढत नाहीत त्यांना."

"वंगण पुसून टाकू या!" मागून कुणीतरी ओरडलं.

"खबरदार!" बाईंचा हात आपोआप खांद्यावर गेला.

बरीच वादावादी झाली. शेवटी मोडक्या सायकलच्या घंटीची वाटी रहाटाच्या खांबाला टांगली आणि चाकाला एक खिळा ठोकला. चाकाच्या दर फेऱ्याला टिण! पहिलीच मावशी आली आणि उंबऱ्यावरून हाक गेली, "कोण गं?" मावशी पोहरा काठावर टेकवून चांगली ऐसपैस गप्पा मारत बसली. त्या दुपारी सासू पोटभर जेवली.

संध्याकाळी बाई शाळेतून आल्या त्या तशाच विहिरीवर गेल्या. टिण. टिण. मग थांबल्या. पुन्हा टिण.

"तूच ना गं?" सासूनं विचारलं.

"कसं ओळखलंत?"

"बाकीच्या एका दमात ओढतात. तुझीच घंटा मधे अडते." सासू उंबऱ्याला हात टेकून उठू लागली. "आता चाक तर हलकं झालंय. मग काय दुखतंय तुझं?"

"खांदा. जरासा."

"जरासा म्हणे! इतके दिवस मी तुला घागरीवरनं बोलतेय, तुझ्या तोंडाला काय कुलूप होतं?"

भिंत चाचपत, कठडा चाचपत सासू आली. बाई नको नको म्हणेपर्यंत तिनं मागून दोर धरलासुद्धा. "हं, ओढ."

दोघींच्या ओढण्याचा काही मेळ बसेना. पोहरा विहिरीच्या भिंतीवर आदळत, हिंदकळत कसाबसा वर आला. सासूनं आत हात घालून पाहिला.

"निम्मा रिकामाच की गं!"

"असू दे, आई."

"असू दे काय? सोड परत खाली," सासू म्हणाली, आणि तिनं दोराचा हाताला वेढा घेतला.