केवळरामांची माफी

करडी गावच्या केवळरामांना आपल्या नम्रपणाचा भारी अभिमान होता. शेतकऱ्यांच्या मेळाव्यात बोलायला उभे राहिले की, माझ्या धानाच्या बांधीत राबणाऱ्या बाया मला आईबहिणीसारख्या, हे वाक्य ते सोडत नसत. त्यांचा स्वतःचाही त्यावर विश्वास होता.

यंदा धानाची रोपं लावायची रोवणी सुरू झाली तेव्हा त्यांनी शेतात उभं राहून चार शब्द बोलत व्हिडिओ काढून गावाच्या ग्रुपवर टाकला आणि घरी येऊन जेवायला बसले. तेवढ्यात मुलगी रेणू मोबाईल घेऊन समोर आली. टाकण्याआधी पाहिला होता का, एवढंच तिनं विचारलं.

बोलून झाल्यावर व्हिडिओ बंद करायचा राहून गेला होता. पुढची दोन मिनिटं नुसता चिखल आणि त्यांचे पाय. आवाज मात्र स्वच्छ होता. रोवणीच्या बायांची म्होरकी चंद्रकांताबाई सांगत होती की खालच्या बांधीत पाणी फार आहे, आज रोपं लावली तर तरंगून जातील. त्यावर केवळराम म्हणाले होते, "तुले का समजते वो? अंगठाछाप बाई तू. तोंड बंद ठेव अन् हात चालव." आणि मग ते हसले होते.

घास हातातच राहिला. त्यांनी व्हिडिओ पुसला, पण तोवर गावानं ऐकला होता. ऊन होतं, डोकं तापलं असेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. रेणूच्या मोबाईलवर पुन्हा ऐकलं, तेव्हा कळलं की आवाजात राग नव्हताच. इतकं सहज निघालं, म्हणजे हे रोजचंच असणार. शेवटी आपलंच हसणं ऐकू आलं तसे त्यांचे कान जळायला लागले.

सकाळी ते बांधीच्या कडेच्या मातीच्या धुऱ्यावर जाऊन उभे राहिले. सगळ्यांसमोर माफी मागितली. मग जीभ सैल सुटली. आपण किती कष्टातून वर आलो, रात्रभर कसा डोळा लागला नाही, आपलं मन मुळात कसं हळवं आहे, सगळं सांगत सुटले. बाया वाकल्या वाकल्याच थांबल्या होत्या. चंद्रकांताबाई कंबर धरून उभी झाली.

"भाऊ, माफी मांगाले आले, अन् गोष्ट आपलीच सांगून राहिले."

कोणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मंग का करू?" त्यांनी विचारलं.

"खालच्या बांधीचं पाणी काढा. कालची रोपं तरंगली."

केवळरामांनी पँट दुमडली, फावड्यानं धुरा फोडला आणि वाकून तरंगती रोपं गोळा करू लागले. अर्ध्या तासात पाठ मोडली. तेवढ्यातही मनात आलं, रस्त्यावरून कोणी पाहायला पाहिजे होतं. तो विचार त्यांनी चोर पकडावा तसा पकडला आणि चिखलात एकटेच ओशाळले.

दुपारी घरी आल्यावर रेणूनं विचारलं, बाया काय म्हणाल्या. गुडघाभर चिखलात आपण कसे राबलो, ही कहाणी ओठावर आली होती. ती गिळून ते म्हणाले, "बाईचंच बरोबर होतं."

"मंग ग्रुपवर लिहा ना, बाबा. ऐकलं तर साऱ्यांनीच होतं."

त्यांनी लिहायला घेतलं. चार ओळी झाल्या, त्यातल्या तीन स्वतःबद्दलच्या. त्या पुसल्या. उरलं एवढंच: 'चंद्रकांताबाई बरोबर बोलल्या होत्या. मी त्यांचा अपमान केला.'

संध्याकाळपर्यंत कोणी उत्तर दिलं नाही. केवळराम घडीघडी मोबाईल पाहत, आणि आपण कशासाठी पाहतो आहोत हे कळून तो उलटा ठेवून देत.