कारभारीनानांची खरड छाटणी

निफाडच्या माणसाला चंद्रावर नेऊन सोडा, तो आधी तिथली माती चिमटीत घेऊन बघेल आणि मग द्राक्षाचा मांडव कुठं घालायचा याचा विचार करील. आमचे कारभारीनाना त्यातलेच. त्यांच्या बागेत एकदा असा मणी धरला होता की तो घरंगळत रस्त्यावर आला तेव्हा एसटीला मागं जावं लागलं. मी त्याच एसटीत खिडकीशी बसलो होतो, म्हणून खात्रीनं सांगतो.

गुडघ्यांनी संप पुकारल्यावर नानांनी बाग धाकट्या भावाकडं सोपवली आणि बायको लंकाबाईंना घेऊन ते नाशकात, इंदिरानगरला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. त्यांच्या समोरचं दार माझं. मुलगा महेश नोकरीपायी सदा फिरतीवर. सून हर्षाली शाळेत शिकवते. नात आरोही नुकती चालायला लागलेली, म्हणजे घरात काहीही धड राहायचे दिवस संपलेले. आणि हॉलच्या कोपऱ्यात टेबलावर घरचा कॉम्प्युटर.

त्या कॉम्प्युटरात लंकावहिनींचा आवाज होता. आरोहीच्या बारशाला त्यांनी पाळणा म्हटला, तो हर्षालीनं मोबाइलवर घेतला आणि कॉम्प्युटरात ठेवला. पुढं वहिनींच्या घशाचं ऑपरेशन झालं. त्या बऱ्या झाल्या, पण आवाज गेला तो गेलाच. आता नुसती कुजबुज. तो मोबाइलही गच्चीवरच्या टाकीत पडून वारला. राहिला तो एवढा एकच पाळणा. आरोही रोज दुपारी तो ऐकूनच झोपायची. आणि वहिनी? त्या शेजारी बसून स्वतःचाच आवाज ऐकायच्या, डोळे मिटून.

एप्रिलातली गोष्ट. शाळेला निघताना हर्षाली सासऱ्यांना म्हणाली, "नाना, हल्ली व्हायरस फार फिरतायत. कॉम्प्युटर जपून वापरा हं."

झालं! रोग म्हटल्यावर नानांच्या अंगात बागाईतदार संचारला. त्याच दिवशी मला बोलावणं आलं.

"तात्या, हा व्हायरस म्हंजी आपल्या द्राक्षावरची डावणीच की. दिसायच्या आधी फवारलं तर खरं, मागून बोंबलून काय उपेग?"

जाऊन बघतो तो काय, कॉम्प्युटरचा तो लोखंडी डबा वर्तमानपत्रात गच्च गुंडाळलेला! ऊन लागून मणी खराब होऊ नयेत म्हणून निफाडकडं घडांना कागद लावतात, अगदी तसाच. पंख्याची जाळीसुद्धा सोडली नव्हती.

"अहो, त्याला वारा लागतो," मी म्हणालो.

"वाऱ्यानंच तर रोग पसरतो!"

मग फवारणी. आधीचं एक अँटिव्हायरस होतंच, नानांनी फुकटातली आणखी दोन त्यात उतरवली. "एकाच औषधाला रोग सरावतो तात्या. मिसळून मारावं लागतं."

आता एका दारावर तीन राखणदार बसवले तर चोर येवो न येवो, ते एकमेकांचीच गचांडी धरणार. तसंच झालं. मशीन असं मंदावलं की माउस सकाळी हलवला तर बाण दुपारच्या चहाला पोचायचा. आणि तापलं तर किती! वहिनींनी त्यावर कुरडया वाळत घातल्या, त्या वाळल्या नाहीत, थेट तळूनच निघाल्या. मी दोन खाल्ल्या, मीठ जरा कमी होतं.

हर्षाली परीक्षेच्या पेपरांत बुडालेली, तिचं इकडं लक्षच नव्हतं. नाना दोन दिवस मशीनकडं बघत बसले. मग मांडीवर थाप मारून म्हणाले, "कळलं! फुटवे लय झालेत. एप्रिल हाय, खरड छाटणी करायची."

खरड छाटणी म्हणजे वेलीला बोडकं करणं. एखादा डोळा राखायचा आणि बाकीची सगळी काडी उतरवायची. हर्षाली शाळेत असताना नानांनी कॉम्प्युटर बोडका केला. फोटो उडवले, व्हिडिओ उडवले, महेशचे कागद उडवले. कात्री चालवल्यासारखं बोट चालत होतं.

दुपारी मी डोकावलो तेव्हा आरोही किरकिरायला लागली होती. वहिनी तिला कडेवर घेऊन आल्या आणि नानांना खुणेनं म्हणाल्या, लावा.

नानांनी शोधलं. पुन्हा शोधलं. चष्मा पुसून शोधलं. पाळणा नव्हता.

"अरे देवा," ते एवढंच म्हणाले. नानांना मी गारपिटीत बघितलंय, तेव्हासुद्धा हा माणूस गारा वेचून सरबत करत होता. त्या दुपारी मात्र त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

आरोहीनं असा गळा काढला की गोदाघाटावरची कबुतरं त्र्यंबकला जाऊन बसली. पोरीला थोपटत वहिनींनी ओठ हलवून पाळणा म्हणायला घेतला, पण नुसता वारा आला. पोर आणखीच रडली. वहिनींनी तोंड फिरवलं. मी खिडकीबाहेर बघायला लागलो, बाहेर बघण्यासारखं काही नसताना.

तेवढ्यात हर्षाली आली. नानांनी तिला पर्ससुद्धा ठेवू दिली नाही. "पोरी, मी तुझ्या सासूचा आवाज छाटला गं."

हर्षालीनं आधी कागद फाडले. पंख्यानं डोंगर चढून आल्यासारखा श्वास टाकला. मग तिनं तिघांतले दोन राखणदार हाकलले. बाण हलायला लागला. मग ती नानांकडं वळली.

"नाना, खरं सांगा. डिलीट केल्यावर ती कचऱ्याची टोपली रिकामी केलीत का?"

आम्ही सगळे श्वास धरून. आरोहीसुद्धा रडायची थांबली, किंवा दम घेत असेल.

नाना चिडलेच. "मी काय येडा हाय? छाटणीच्या काड्या कोन बागंबाहेर टाकतं? त्या सरीतच पडू द्यायच्या. कुजल्या की जमिनीला बळ येतं. म्हनलं, मशीनलाबी खत होईल."

हर्षाली हसायला लागली ती थांबेचना. टोपली उघडली तर सगळी छाटणी आत जशीच्या तशी! तिनं एकेक काडी पुन्हा वेलीला लावली. पाळणा सापडला तसा तिनं तो आधी पेन ड्राइव्हवर घेतला, मग दुसऱ्या पेन ड्राइव्हवर, मग माझ्या मोबाइलवर, मग महेशला पाठवला.

"एवढी कलमं?" नानांनी विचारलं.

"नाना, एकच वेल ठेवून कुणी बाग करतं का?"

पासवर्ड बदलला तो हर्षालीनं फक्त सासूच्या कानात सांगितला. नानांनी मान वाकडी करून ऐकायचा प्रयत्न केला, तर वहिनींनी कोपरानं त्यांना असं ढोसलं की आवाज गेलेल्या बाईला काही बोलायची गरजच काय, असं मला वाटून गेलं.

मग पाळणा लागला. वहिनींचा तो जुना, खणखणीत, सायखेड्याच्या माहेरचा आवाज. 'जो बाळा जो जो रे' पहिल्यांदा आलं तोवर खुर्चीतले नाना घोरायला लागले. आरोही आजीच्या मांडीवरून टकामका त्यांच्याकडे बघत होती. ती दुसऱ्या खेपेला झोपली. वहिनींनी मग तिसऱ्यांदा लावायला सांगितला, तो कुणासाठी ते आम्ही कुणी विचारलं नाही.