गुरुवारची गाडी

नवरा गेल्याच्या सोळाव्या दिवशी त्याचा फोन वाजला. तिने उचलला.

"काका, दोन गुरुवार आला नाहीत. बरे आहात ना?" पलीकडून एक पुरुष विचारत होता. "तुमच्या गाडीला मी कुणाला हात लावू दिलेला नाही."

कसली गाडी? नवऱ्याने पस्तीस वर्षं बस चालवली होती, पण हृदयाचा झटका आल्यावर डॉक्टरांनी स्टिअरिंग सोडायला लावलं, त्याला दोन वर्षं झाली. आणि गुरुवारी तर तो निवृत्त ड्रायव्हरांच्या बैठकीला जायचा. तिने फक्त पत्ता विचारून घेतला.

पत्त्यावर निघालं बर्गरचं दुकान. पूर्वी तिथे केस कापायचे. मालकाने कात्री सोडली, पण खुर्च्या काही त्याला सोडवल्या नाहीत. गिऱ्हाइकं त्याच फिरत्या खुर्च्यांत मान टेकून बर्गर खात होती. तिन्ही भिंतींना आरसे. मागे नाणं टाकून खेळायचे जुने व्हिडिओ गेम ओळीने उभे होते आणि एकाच वेळी किंचाळत होते. तव्यावर टिक्क्या चरचरत होत्या. तिने तीस वर्षं हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात पेशंटांचं मीठ मोजलं होतं. वासावरूनच तिला सगळं कळलं आणि डोक्यात तिडीक गेली.

"मी त्यांची बायको," ती म्हणाली. "ते गेले."

मालकाच्या हातातलं उलथणं तसंच राहिलं. टिक्की करपायला लागली तरी त्याला भान नव्हतं.

हृदयाच्या पेशंटला असलं खाऊ घालताना काही वाटलं नाही का तुम्हाला, हे वाक्य ती वाटेत चांगलं घोळवून आली होती. पण मालकानेच आधी विचारलं, "कशानं गेले, काकू? काही त्रास होता का त्यांना? मला तर कधीच बोलले नाहीत."

म्हणजे नवऱ्याने इथेही ताकास तूर लागू दिली नव्हती. ओठांवर आलेलं तिने गिळलं.

"वय झालं होतं," ती म्हणाली. "झोपेतच गेले."

मालकाने तिला मागे नेलं. गाडी म्हणजे एक खेळ होता. सीट, चाक, पायाखाली ब्रेक आणि समोर पडद्यावर धावणारा रस्ता.

"पोरं इथं गाड्या ठोकतात, उडवतात. काका चाळीसच्या पुढं जायचे नाहीत. वळणावर हात बाहेर काढायचे. वेळ संपायची, हरायचे, आणि परत बसायचे."

तिला हसू आलं. "आणि खायचे काय?"

"डबल चीज. वर खारवलेली काकडी जास्तीची. बोटं चाटून खायचे." मालक जरा घुटमळला. "म्हणायचे, बायको एवढं जीव लावून करते, अळणी लागतं हे कुठल्या तोंडानं सांगू?"

दोन वर्षं ती रोज विचारायची, कसं झालंय? आणि तो म्हणायचा, फर्मास. हॉस्पिटलात पेशंट तिच्या तोंडावर नावं ठेवायचे, ताटं ढकलून द्यायचे. निदान एका माणसाला तरी आपल्या हातचं पथ्याचं गोड लागतं, याचा तिला केवढा अभिमान होता.

"मलाही तसाच एक द्या," ती म्हणाली.

खुर्चीत बसून तिने तो बर्गर संपवला. तीन आरशांत तीन म्हाताऱ्या चावत होत्या. त्याच्यासोबत तीही दोन वर्षं अळणीच जेवली होती, त्यामुळे पहिल्या घासाला जीभ पोळल्यासारखी झाली. चव छान होती. तेच तिला सहन होईना.

"शेवटच्या गुरुवारी काही म्हणाले?" तिने विचारलं.

"विशेष नाही. एकच डाव खेळले. म्हणाले, निघतो, भाजी घ्यायचीय."

भाजी आली होती. घेवडा. शेंगा जून निघाल्या, तेव्हा ती त्याला म्हणाली होती, "एवढं साधं कामसुद्धा धड जमत नाही तुम्हाला." तो ताट घेऊन कोवळ्या तेवढ्या शेंगा निवडत बसला. त्याच रात्री तो गेला.

मालकाने पाणी देऊ का विचारलं. ती नको म्हणाली आणि तशीच बसून राहिली.